तीनचाकीचा कन्सेप्ट निवडताना: माझा अनुभव

एफिसायकलसारख्या, अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी दोघांनी पेडल मारायची, जोडीला मोटर असलेली तीनचाकी बनवायची होती. पुढे दोन चाकं की मागे दोन, आणि चालक शेजारी-शेजारी की एकामागे एक, एवढ्या दोन प्रश्नांतून आमच्या नागपूरच्या टीमसमोर चार कन्सेप्ट उभे राहिले. पुढे दोन चाकं म्हणजे टॅडपोल, मागे दोन म्हणजे डेल्टा. चौघांपैकी एक, शेजारी बसायची डेल्टा, आदल्या वर्षी बनून चालवूनही झाली होती.

पहिला नियम कागदाचा. चारही कन्सेप्ट ए-३ कागदावर, १:१० प्रमाणात, हातानेच काढायचे. प्रत्येकावर बाजूचं आणि वरचं दृश्य, चाकांची जागा, सीट, पेडल, बॅटरी आणि चेनचा मार्ग. एकाचं संगणकावर बनवलेलं रंगीत कॅड मॉडेल आणि बाकीच्यांची पेन्सिलची रेघोटी असेल, तर कॅडवाला कन्सेप्ट चर्चेआधीच जिंकतो. त्यात दोष कमी असतात म्हणून नव्हे, रंगाखाली ते दिसत नाहीत म्हणून.

कन्सेप्ट ज्या तक्त्यात ताडायचे त्याच्या ओळी म्हणजे निकष; ते मात्र कन्सेप्टच्या आधी लिहून ठेवायला हवेत. आमच्या पहिल्या यादीत एकोणीस होते. ज्याच्यासमोर 'हे कसं मोजणार' लिहिता आलं नाही तो खोडला. 'दिसायला आकर्षक' असाच गेला. मग दिसलं की वजन, पिकअप आणि एका चार्जवरची धाव हे तीन निकष म्हणजे एकच वजन तीनदा मोजणं. हलक्या कन्सेप्टला फुकटचा तिप्पट फायदा मिळत होता. तिन्ही मिळून एक ओळ केली. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशीच्या आसपास असतो, म्हणून 'उन्हात चालकाला वारा, मोटरच्या कंट्रोलरला सावली' ही ओळ मला फार महत्त्वाची वाटत होती. पण तिच्यात चौघेही सारखेच ठरले, कारण ते सगळं वरच्या आवरणावर अवलंबून. जी ओळ फरक दाखवत नाही ती तक्त्यातून काढायची आणि पुढच्या डिझाइनच्या अटींत लिहायची. शेवटी दहा ओळी उरल्या.

तक्ता प्यूच्या पद्धतीचा. ब्रिटिश अभियंता स्टुअर्ट प्यू यांनी ती १९८१ मध्ये मांडली. एक कन्सेप्ट आधार, म्हणजे डेटम, धरायचा आणि बाकीच्यांना प्रत्येक निकषावर त्याच्या तुलनेत अधिक, वजा किंवा समान द्यायचं. डेटम म्हणून आम्ही जुनी डेल्टाच घेतली, कारण तिचं वजन, वळणाचा घेर, ब्रेकचं अंतर सगळं मोजलेलं होतं. दहापैकी गुण देणं आणि निकषांना भारांक लावणं पहिल्या फेरीत कटाक्षाने टाळा. भारांक आले की लोक आवडता कन्सेप्ट वर येईपर्यंत आकडे हलवत बसतात.

प्रत्येकाने तक्ता आधी एकट्याने भरायचा, मग सगळे शेजारी ठेवायचे. जिथे अधिक आणि वजा दोन्ही आलेत, तेवढ्याच चौकटींवर बोलायचं. 'बनवायला सोपं' या ओळीत सर्वात जास्त भांडण झालं. वेल्डिंगवाल्यांच्या मनात सांधे होते, मशीनिंगवाल्यांच्या मनात लेथचे तास. ओळ फोडून दोन केल्या आणि वाद मिटला. टॅडपोलला पुढे दोन नकल (चाकासकट वळणारे सांध्याचे भाग), एका बाजूनेच धरलेले एक्सल आणि दोन्ही चाकं एकत्र वळवणारी दांडी, म्हणजे टाय रॉड, लागतात. हे लेथचं काम हिंगणा एमआयडीसीत बाहेर द्यावं लागणार, तिथे वजा. डेल्टाला पुढे सायकलचा फोर्क चालतो, पण मागे दोन चाकांना वळणात वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरेन्शियल हवा. नाहीतर एकाच चाकाला ड्राइव्ह द्यायचा आणि गाडी एका बाजूला ओढणार.

स्थिरतेच्या ओळीत मतांना जागाच नको, सोपं गणित आहे. वळणात उलटण्याची मर्यादा (जीमध्ये, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या पटीत) म्हणजे ट्रॅकचा, शेजारच्या दोन चाकांमधल्या अंतराचा, अर्धा भागिले गुरुत्वमध्याची उंची, गुणिले दोन चाकांच्या बाजूवरचा वजनाचा वाटा. ट्रॅक १.२ मीटर, उंची ०.५५ मीटर धरा. शेजारी बसायच्या टॅडपोलमध्ये पुढे ६५ टक्के वजन, म्हणून ०.७१ जी. डेल्टात मागे ६० टक्के, म्हणून ०.६५ जी. फरक किरकोळ वाटतो. आता वळतानाच ०.४ जीने ब्रेक लावा. १.६ मीटर व्हीलबेसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरावर, सुमारे १४ टक्के भार पुढे सरकतो. टॅडपोलमध्ये तो दोन चाकांकडे जातो आणि मर्यादा ०.८६ होते, डेल्टात एकट्या चाकाकडे जातो आणि मर्यादा ०.५० वर घसरते. वळणात घाबरलेला चालक ब्रेकच दाबतो, म्हणून ही ओळ मला बाकी सगळ्यांहून जड वाटते. एकामागे एक बसायच्या टॅडपोलमध्ये मागच्या चालकाचं वजन एकट्या चाकावर येतं, पुढचा वाटा ५५ टक्क्यांवर उतरतो आणि मर्यादा ०.६० होते; शिवाय व्हीलबेस वाढल्याने वळणाचा घेरही मोठा होतो.

बेरीज सगळेच करतात, पण तक्त्याचा खरा उपयोग वजांत आहे. लेथच्या कामाशिवाय शेजारी बसायच्या टॅडपोलला, एकामागे एकच्या तुलनेत, आणखी एक वजा होता: दोन चालकांच्या वजनात फरक असेल तर गुरुत्वमध्य बाजूला सरकतो. एक ८५ किलोचा, दुसरा ५५ चा, दोघेही मध्यरेषेपासून ३० सेंटिमीटरवर, एकूण गाडी २४० किलो. मध्य सुमारे ३७ मिलिमीटर सरकतो आणि मर्यादा ०.७१ वरून ०.६४ होते. कन्सेप्ट टाकायच्या आधी आम्ही हा वजा पुसता येतो का ते पाहिलं. १६ किलोची लेड-ॲसिड बॅटरी मधे न ठेवता हलक्या चालकाच्या बाजूला ३५ सेंटिमीटर नेली, तर सरक १४ मिलिमीटरवर येते. चालक जागा बदलतील म्हणून ट्रेला दोन्ही बाजूंना खाचा. कुठल्याही कागदावर नसलेला हा पाचवा कन्सेप्ट. दुसऱ्या फेरीत त्यालाच डेटम करून बाकीचे ताडून पाहिले, तरी क्रम तोच राहिला. क्रम उलटला असता तर एखादी ओळ धूसर आहे असं समजून परत तिथे जावं लागलं असतं.

तरी नकलची ऑर्डर लगेच दिली नाही. वर्कशॉपच्या फरशीवर खडूने पूर्ण मापाचा आराखडा काढला, पीव्हीसी पाइप आणि लाकडी फळ्यांची सीट बांधली, पुढे २० इंची सायकलची दोन चाकं लावली. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की आतलं चाक चालकाच्या पोटरीला घासतं, आणि पेडलचा १७० मिलिमीटरचा दांडा, म्हणजे क्रँक, खालच्या टोकाला आला की टाच टाय रॉडच्या वाटेत येते. १:१० च्या कागदावर हे दीड-दोन मिलिमीटरचं अंतर. पेन्सिलच्या रेघेतच बुडून गेलेलं. सीट ४० मिलिमीटर मागे आणि टाय रॉड एक्सलच्या मागे, सीटखालून नेला. सीट मागे गेली की पुढचा ६५ टक्क्यांचा वाटा थोडा उतरतो, म्हणून स्थिरतेचं गणित पुन्हा केलं.

त्यानंतर तक्ता गोठवला: प्रत्येक चौकटीमागे एका ओळीत कारण, खाली तारीख, आणि नकलचं ड्रॉइंग हिंगण्याला.