आधी पाय बघतो

घराघरांत पेट्यांतून निघालेले जुने फोटो स्कॅन करून, डाग काढून द्यायचं काम मी करतो. गिऱ्हाईक कुणीही असो, एक प्रश्न ठरलेला: "मागे नावं नाहीत, मग यातला मोठा माणूस कोण, हे तुम्हाला कळतं कसं?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी चेहरे बघतच नाही. आधी पाय बघतो.

चेहऱ्यांवरून काही कळत नाही, सगळे सारखेच ताठ. तेव्हा काचेवर कोलोडियन नावाचं चिकट द्रावण लावायचं आणि ते ओलं असतानाच फोटो घ्यायचा, त्यात काही सेकंद हलायचं नाही. उभ्या माणसाची मान हलू नये म्हणून मागे लोखंडी स्टँड लावत, आणि कधी कधी त्याचे पाय माणसाच्या टाचांमागे दिसतात. पायांतच बाकीचंही कळतं. जोडे कुणाचे, अनवाणी कोण, जाजम कुठे संपलं आणि कोण नुसत्या जमिनीवर राहिलं.

मधली खुर्ची मानाची, हे सगळ्यांना माहीत असतं. पण भिंगही मोठ्यांच्याच बाजूचं होतं. पेट्झवाल नावाच्या गणितज्ञानं 1840 मध्ये काढलेलं कॅमेऱ्याचं भिंग पोर्ट्रेटसाठी फार चालायचं. त्यात मधला भाग लख्ख आणि कडा मऊसर यायच्या. म्हणून मंडळींना अर्धगोलात बसवत, टोकाची माणसं कॅमेऱ्याकडे थोडी पुढे. तरी कडेचा माणूस धूसर यायचा तो यायचाच. आणि कडेला कोण? कचेरीच्या फोटोत पटेवाले. साहेब मधोमध, कारकून मागे उभे, पटेवाला टोकाला. चेहरा गेला तरी त्याच्या पट्ट्यावरचा पितळी बिल्ला मात्र चमकतो. मोठा करून बघितला तर कधी त्यावरची अक्षरंही लागतात. माणसाचं नाव नाही, खात्याचं!

डोकंही बघायचंच. त्या काळी उघड्या डोक्यानं चारचौघांत येणं अशुभ मानत, त्यामुळे फोटोत पगडी असणारच. 1885 मध्ये मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात काँग्रेसचे 72 प्रतिनिधी जमले, त्या वेळचा ग्रुप फोटो बघा. नावांची यादी नसली तरी पगड्या, पागोटी, पारशी टोप्या बघून कोण कुठला याचा अंदाज बांधता येतो. तोवर ओल्या कोलोडियनऐवजी आधीच तयार केलेल्या कोरड्या काचा आल्या होत्या, वेळ कमी लागायचा. बसायची रीत मात्र तीच राहिली.

एवढं सगळं येत असूनही एकदा माझी चांगलीच फजिती झाली. एका आजींनी कुटुंबाचा फोटो आणला होता. मी ऐटीत सांगितलं, "हे खुर्चीतले घरचे कर्ते, आणि मागे उभे ते दिवाणजी असतील."

आजी म्हणाल्या, "अहो, ते माझे आजोबा. धाकटे, म्हणून थोरल्या भावाच्या मागे उभे. घर त्यांच्याच पगारावर चालायचं."

मी पुन्हा त्यांच्या पायांकडे बघितलं. जोडे होते, चांगले चकचकीत. थोरल्या भावाच्या खुर्चीच्या पायाआड अर्धे झाकले गेले होते, एवढंच.