एकेरीत जमले नाही म्हणून दुहेरी?

मी पुण्यात मुलांना टेनिस शिकवतो, आणि कोर्टाबाहेरच्या बाकावर बसणारे आईवडील वर्षातून दहाबारा वेळा तरी मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. परवा एका आईने तो आडपडदा न ठेवता विचारला : "सर, तुम्ही हिला दुहेरी फार खेळवताय. पण एकेरीत ज्यांचं काही होत नाही, तेच लोक दुहेरी खेळतात ना?" पुढची बॅच समोर उभी होती, त्यामुळे "बोलू नंतर" असे म्हणून मी वेळ मारून नेली. ते राहिलेले उत्तर आता सविस्तर लिहितो.

प्रश्नात तथ्य आहे, हे आधी मान्य करतो. आपण मोठेपणी फक्त दुहेरी खेळायचे, असे ठरवून कोणी लहानपणी रॅकेट हातात घेत नाही. दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकापर्यंत पोहोचलेल्या आपल्या रोहन बोपण्णानेही घेतली नसणार. कोडगूच्या कॉफीच्या मळ्यांच्या मुलखात वाढलेला हा मुलगा अकराव्या वर्षी टेनिसकडे वळला, 2003 मध्ये व्यावसायिक झाला आणि एकेरीच्या जागतिक क्रमवारीत त्याने गाठलेले सर्वांत वरचे स्थान होते 213, तेही 2007 मध्ये. ग्रँड स्लॅमच्या, म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांच्या, एकेरीत क्रमवारीच्या जोरावर 104 जणांना थेट प्रवेश मिळतो. त्यांच्या मागे असलेल्यांना पात्रता फेरीचे तीन सामने जिंकून यावे लागते. विमानाची तिकिटे, हॉटेल, प्रशिक्षक, फिजिओ हा सगळा खर्च खेळाडूच्या खिशातून होतो, आणि दोनशेच्या आसपासच्या माणसाला त्याचा मेळ घालता घालता नाकी नऊ येतात. दुहेरीकडे वळण्याचा निर्णय बहुतेक वेळा याच हिशेबाच्या वहीत होतो. इथवर त्या आईचे बरोबर आहे. चुकते ते पुढे, जेव्हा दुहेरी म्हणजे तोच खेळ, फक्त निम्म्या कष्टात, असे आपण गृहीत धरतो.

एकेरीचे कोर्ट 27 फूट रुंद असते आणि दुहेरीचे 36. दोघांत वाटले तर वाट्याला अठरा फूट येतात, म्हणजे धावपळ कमी, असे बाकावरून वाटते. प्रत्यक्षात कमी होतो तो वेळ. प्रतिस्पर्धी बेसलाइनवर, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवर, नसून नेटला चिकटून उभा असल्यामुळे चेंडू निम्म्या अंतरावरून परत येतो, आणि एकेरीत जो रिटर्न, म्हणजे सर्व्हिसला दिलेले उत्तर, सुरक्षित म्हणून आपण मुलांना शिकवतो, नेटवरून चांगला तीनचार फूट उंच आणि खोल, तोच दुहेरीत नेटवरच्या माणसाला आयते ताट वाढून ठेवतो. इथे चेंडू नेट घासून, तिरका आणि सर्व्हिस करून पुढे धावत येणाऱ्याच्या पायाशी उतरवावा लागतो. एकेरीत वीस फटक्यांची रॅली करून समोरच्याला दमवता येते. दुहेरीत बरेचसे गुण सर्व्हिस, रिटर्न आणि त्यापुढच्या एकदोन फटक्यांत संपतात, त्यामुळे आयुष्यभर याच चार फटक्यांवर रंधा मारत बसणारा माणूस वेगळाच कारागीर होतो.

जानेवारी 2019 मध्ये बालेवाडीला महाराष्ट्र ओपनच्या दुहेरीच्या अंतिम सामन्यात बोपण्णा आणि डावखुरा दिविज शरण यांनी ल्यूक बँब्रिज आणि जॉनी ओमारा या ब्रिटिश जोडीला 6-3, 6-4 असे हरवले. मी माझ्या चार विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो आणि त्यांना एकच काम दिले होते : चेंडू पाहायचा नाही, नेटवर उभ्या असलेल्याचा पाठीमागे गेलेला हात पाहायचा. बंद मूठ म्हणजे जागेवर थांबणार, उघडा पंजा म्हणजे पलीकडे झेपावणार, एखादे बोट म्हणजे सर्व्हिस कुठे टाकायची; हे संकेत प्रत्येक जोडी आपापले ठरवते. चौघांतला सर्वांत धाकटा थोड्या वेळाने म्हणाला, "सर, म्हणजे मारायच्या आधीच ठरलेलं असतं की!" शंभर टक्के नाही, पण बरेचसे.

त्यात गुणांची पद्धत अशी की चुकीला माफी नाही. एटीपी दौऱ्यावर, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक स्पर्धांत, 2006 पासून दुहेरीत ड्यूसनंतर (गेममध्ये 40-40 झाल्यावर) एकच निर्णायक गुण खेळतात, आणि एक-एक सेट झाला की तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक. एकेरीतल्या बलाढ्य खेळाडूला वाईट अर्ध्या तासातून सावरायला पुढे वेळ असतो; दुहेरीत ती अर्धी लढत गेलेली असते.

आणि मग जोडीदार. दुहेरीची क्रमवारी प्रत्येकाची स्वतंत्र असते. स्पर्धेत प्रवेश मात्र दोघांच्या क्रमांकांची बेरीज करून मिळतो. त्यामुळे जोडीदार शोधणे हे थेट स्थळे पाहण्यासारखे असते : खेळ जुळतो का, स्वभाव जुळतो का, आणि बेरीज किती होते. बोपण्णाची यादीच पाहा. पाकिस्तानच्या ऐसाम-उल-हक कुरेशीबरोबर तो 2010 च्या अमेरिकन ओपनच्या अंतिम फेरीत गेला आणि अमेरिकेच्या ब्रायन बंधूंकडून दोन टायब्रेकमध्ये हरला. पुढे महेश भूपती, रुमानियाचा फ्लोरिन मेर्जा, उरुग्वेचा पाब्लो क्वेव्हास, दिविज, रामकुमार रामनाथन, नेदरलँड्सचा मिडलकूप, ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यू एब्डन. दर वेळी नवे संकेत, नव्या सवयी, आणि मधल्या चेंडूचा नवा करार.

मधला चेंडू म्हणजे काय, हे हरल्याशिवाय कळत नाही. मी आणि माझा जोडीदार अकरा वर्षे एकत्र खेळलो, आणि तरीही एका उपांत्य सामन्यात मॅच पॉइंटला दोघांच्या बरोबर मधून आलेल्या साध्या, गुडघाभर उंचीच्या चेंडूकडे पाहत दोघेही एकाच वेळी "तुझा!" म्हणालो. चेंडू टप्पा घेऊन मागच्या जाळीला लागला, त्याचा आवाज मला आजही आठवतो. परतताना एकाच स्कूटरवर होतो. कोथरूडपर्यंत कोणी बोलले नाही.

बोपण्णाच्या गुडघ्यांतली कूर्चा झिजून गेली होती. 2021 मध्ये पाच महिने त्याला एकही सामना जिंकता आला नाही, आणि आता पुरे झाले, असे सांगणारा व्हिडिओ त्याने पत्नीला पाठवला होता, हे त्यानेच नंतर सांगितले. त्याआधी टाळेबंदीच्या काळात त्याने अय्यंगार योग सुरू केला होता, आणि गुडघे टिकले याचे श्रेय तो त्यालाच देतो. शिवाजीनगरच्या ज्या संस्थेवरून आपण रोज गाडी हाकत जातो, तिथल्या पद्धतीने त्याची कारकीर्द लांबवली, याचा मला उगाचच अभिमान वाटतो. 2023 मध्ये तो पुन्हा अमेरिकन ओपनच्या अंतिम फेरीत पोहोचला, पहिल्या वेळेनंतर तेरा वर्षांनी. त्याच वर्षी हांगझोऊच्या एशियाडमध्ये आपल्या ऋतुजा भोसलेबरोबर त्याने मिश्र दुहेरीत पहिला सेट 2-6 असा गमावून 6-3, 10-4 असे सुवर्णपदक जिंकले. आणि 27 जानेवारी 2024 रोजी एब्डनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन, सिमोने बोलेल्ली आणि आंद्रेआ वावास्सोरी यांच्याविरुद्ध 7-6, 7-5. पुढच्या सोमवारी वयाच्या 43 व्या वर्षी तो दुहेरीच्या क्रमवारीत पहिल्यांदा जगात पहिला झाला. इतक्या उशिरा पहिल्यांदा तिथे पोहोचलेला दुसरा कोणी नाही. निवृत्ती त्याने नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर केली.

पैशाचेही सांगतो, कारण तोही प्रश्न त्या प्रश्नाच्या पोटात असतो. ऑस्ट्रेलियन ओपनच्या त्या विजयाचे बक्षीस होते 7 लाख 30 हजार ऑस्ट्रेलियन डॉलर, आणि तेही दोघांत. एकेरीच्या विजेत्याला एकट्याला 31 लाख 50 हजार. म्हणजे दुहेरीतल्या एकेकाच्या वाट्याच्या साडेआठ पटींहून अधिक. हे मला न्याय्य वाटत नाही, पण तिकिटे कोणाच्या नावावर खपतात हेही मला ठाऊक आहे. 2025 मध्ये अमेरिकन ओपनने नेमका हाच विचार करून मिश्र दुहेरी मुख्य स्पर्धेच्या आधी दोन दिवसांत उरकली, बक्षीस दहा लाख डॉलर केले आणि जागा बहुतांशी एकेरीच्या ताऱ्यांना दिल्या. जिंकले कोण? गतविजेते म्हणून आत घेतलेले सारा एर्रानी आणि ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात बोपण्णाकडून हरलेला तोच वावास्सोरी. अंतिम सामन्यात समोर इगा श्वियाँतेक आणि कास्पर रूड होते.

तेव्हा त्या आईला माझे उत्तर असे. आत्ता तुमच्या मुलीला एकेरीच प्रामुख्याने खेळू द्या. ज्युनियरच्या आंतरराष्ट्रीय क्रमवारीत दुहेरीचे गुण चौथाईनेच धरले जातात, आणि तेराव्या वर्षी कोणाचा खेळ कुठे जाईल हे मलाही सांगता येत नाही. फक्त स्पर्धेला गेल्यावर ती एकेरीत पहिल्याच फेरीत हरली, तर संध्याकाळच्या दुहेरीतून नाव काढून, परतीचे ट्रॅफिक लागेल म्हणून तिला दुपारीच गाडीत बसवू नका. गेल्या वर्षी तुम्ही दोनदा तसे केलेत, आणि दोन्ही वेळा तिची जोडीदार रॅकेटची बॅग पाठीला लावून कोर्टाच्या दाराशी उभी होती.