फियाट, चार मीटरचा पाइप आणि एक सेकंद: रिग शॉटची नोंद, चौथा रविवार

काल सकाळी पहिल्यांदा असा फोटो मिळाला जो मोठा छापून भिंतीवर लावावासा वाटतो. मामांची 1987 सालची प्रीमियर पद्मिनी पुढच्या ग्रिलपासून मागच्या काचेच्या रबरापर्यंत लख्ख, आणि तिच्यामागची काळ्या दगडाची भिंत अशी वाहत गेलेली की गाडी साठ-सत्तरने चाललीय असं वाटावं. प्रत्यक्षात इंजिन बंद होतं आणि आम्ही तिघं ती ताशी पाच किलोमीटरने ढकलत होतो. याला चार रविवार लागले. काय काय चुकत गेलं आणि कशाने जमलं, ते डोक्यात ताजं आहे तोवर लिहून ठेवतोय.

नव्याने आलेल्यांसाठी एवढंच: रिग शॉटमध्ये कॅमेरा लांब पाइपच्या टोकाला असतो आणि पाइप गाडीलाच बसवलेला असतो. त्यामुळे गाडी आणि कॅमेरा एकमेकांच्या हिशेबात जागचे हलत नाहीत. शटर एक सेकंद उघडं राहिलं तरी गाडी स्पष्ट येते. रस्ता, भिंत, झाडं आणि फिरणारी चाकं तेवढी वाहतात. नंतर संगणकावर पाइप पुसून टाकायचा.

पहिला रविवार जागा शोधण्यात गेला, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त शिकवून गेला. मुंबईत गाडीचा फोटो म्हटलं की डोळ्यांसमोर मरीन ड्राइव्हच येतो, तसा माझ्याही आला. पाइप वगैरे काही न लावता, नुसता अंदाज घ्यायला आम्ही पहाटे चौपाटीच्या दिशेने निघालो. मामा गाडी चालवत होते, मी डाव्या सीटवर कॅमेरा खिडकीच्या चौकटीला घट्ट टेकवून बसलो होतो. ताशी वीसचा वेग, पाव सेकंदाचं शटर. म्हणजे फोटो उघडा असताना गाडी साधारण 1.4 मीटर पुढे सरकते. घरी येऊन बघतो तर जवळचा कठडा छान वाहिलेला, पण मलबार हिलचे दिवे जिथल्या तिथे. मागचं अख्खं शहर उभं, त्यामुळे गाडीही उभीच वाटत होती.

हिशेब मांडल्यावर उलगडा झाला. गाडी किती सरकली, याला वस्तूच्या अंतराने भागायचं आणि लेन्सच्या फोकल लेंग्थने (लेन्सवर लिहिलेला मिमीचा आकडा) गुणायचं. सेन्सरवर वाहिलेला पट्टा तेवढा लांब येतो. माझी लेन्स 16 मिमी, सेन्सर फुल फ्रेम (36 मिमी रुंद), आडवे 6000 पिक्सेल. आठ मीटरवरच्या कठड्याचा पट्टा साडेचारशे पिक्सेलच्या वर जातो. दोन किलोमीटरवरच्या दिव्याचा येतो जेमतेम दोन पिक्सेल. हा हिशेब कडेने बघताना लागू आहे; सरळ पुढे किंवा मागे बघितलं तर मधल्या गोष्टी याहूनही कमी वाहतात. म्हणून माझं ठाम मत झालंय की रिग शॉटसाठी समुद्र, सी लिंक, लांबवर दिसणारे टॉवर ही पार्श्वभूमी नको. भिंत हवी, खांब हवेत, झाडं हवीत, आणि तीही जवळ. या शहरात जवळच्या भिंतींना तोटा नाही.

दुसरं कारणही तितकंच महत्त्वाचं. गाडीच्या पुढे तीन मीटर पाइप काढून उघड्या रस्त्यावर जाणं धोक्याचं आहे, कुणाच्या तरी डोळ्यात जाईल. रहदारीच्या रस्त्यावर परवानगीशिवाय हे करू नका. आम्ही परळमधल्या एका जुन्या गिरणीच्या आवारातला आतला रस्ता घेतला. तिथल्या ऑफिसकडून रविवारी सकाळी सहा ते आठ अशी लेखी परवानगी काढली. रस्ता डांबरी आणि सपाट आहे, शेवटी किंचित उतार आहे, आणि कडेने काळ्या दगडाची भिंत कॅमेऱ्यापासून सहा मीटरवर. गिरण्यांच्या भिंतीसमोर कुर्ल्यात बनलेली गाडी, ही जोडीही मनाला पटली. 1964 पासून प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही फियाट बनायची. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. आता एखादी खासगी पद्मिनी दिसली की लोक थांबून बघतात. मला तिचा चालता फोटो हवा होता, उभा नको.

आता पाइप. नागदेवी स्ट्रीटवरून 38 मिमी व्यासाचा, 2 मिमी जाडीचा चार मीटर ॲल्युमिनियमचा पाइप आणला. वजन अडीच किलोच्या आत, उचलायला हलका, म्हणून खूश होतो. मीटरभर बॉनेटवर आणि तीन मीटर बाहेर असा बसवला, टोकाला 1.1 किलोचा कॅमेरा लावला, तर टोक सहा सेंटिमीटर खाली झुकलं. झुकल्याने फारसं बिघडत नाही, फ्रेम नव्याने लावता येते. बिघडतं ते डोलण्याने. जितका झुकाव जास्त तितकं डोलणं संथ, आणि सहा सेंटिमीटर झुकणारा पाइप सेकंदाला साधारण दोन झोके घेतो. माझं शटर एक सेकंदाचं! प्रत्येक फोटोत दोन पूर्ण झोके. दुसऱ्या रविवारच्या बेचाळीस फोटोंपैकी एकातही गाडीची नंबर प्लेट वाचता येत नाही.

तिसऱ्या रविवारी त्याच जाडीचा पण 50 मिमी व्यासाचा पाइप आणला. वजन एक तृतीयांशाने वाढून सव्वातीन किलो झालं, पण ताठपणा सव्वादोन पटींहून जास्त वाढला, कारण तो व्यासाच्या घनाने वाढतो. झुकाव सहावरून तीन सेंटिमीटरवर आला. पाइप घेताना जाडी वाढवण्यापेक्षा व्यास वाढवा, हे मी आता कुणालाही सांगेन. लांबीच्या बाबतीत मात्र उलटं आहे: लांबी दुप्पट केली तर टोकाच्या वजनाने येणारा झुकाव आठपट होतो. त्यामुळे फ्रेममध्ये गाडी मावते तेवढाच पाइप बाहेर काढायचा, एक वीतही जास्त नाही. शिवाय पाइपच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना दोर बांधून ते टर्नबकलने (फिरवून दोर ताणायचा स्क्रू) ताणले. मांडववाले खांबाला ताण देतात तसंच. आडवं डोलणं जवळजवळ थांबलं.

पाइप बॉनेटवर धरून ठेवतात ते सक्शन कप, म्हणजे आतली हवा काढून चिकटणाऱ्या रबरी वाट्या. त्यांच्यावर लोकांचा एकतर आंधळा विश्वास असतो किंवा अजिबात नसतो. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो असतो. पंधरा सेंटिमीटर व्यासाच्या कपचं क्षेत्रफळ 177 चौरस सेंटिमीटर होतं, म्हणजे आतली सगळी हवा निघाली तर 177 किलोची पकड. प्रत्यक्षात सगळी हवा कधीच निघत नाही, आणि पाइपच्या टोकाचं वजन कपला सरळ न ओढता कडेने उचकटायला बघतं, त्यामुळे हा आकडा मनातून काढूनच टाका. मी काचवाले वापरतात ते पंपाचे कप घेतले आहेत. दट्ट्यावर लाल रेघ असते. ती दिसू लागली की हवा आत शिरतेय आणि पुन्हा पंप करायला हवा. दोन कपांत जितकं अंतर ठेवाल तितका प्रत्येकावरचा भार कमी होतो.

तिसऱ्या रविवारी एक कप सुटला. पहाटेचं दव फडक्याने पुसलं होतं, पण बॉनेटच्या कडेपाशी ओल राहून गेली होती. दुसऱ्या ढकलीत लाल रेघ दिसली आणि मी ओरडेपर्यंत कप निसटला. बंपरच्या लोखंडी ब्रॅकेटला बांधलेल्या पट्ट्यामुळे कॅमेरा जमिनीपासून वीतभर वर लटकत राहिला. कॅमेऱ्याला वेगळा आणि पाइपला वेगळा असे दोन पट्टे बांधल्याशिवाय मी आता शटरला हात लावत नाही. गाडीच्या रंगाकडेही बघायला हवं. मामांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “अरे, डाव्या बाजूला पुट्टी भरलीय, तिथे काही चिकटवू नकोस. रंगासकट निघून येईल.” मग आम्ही बॉनेटवर टिचक्या मारत बसलो. जिथे पत्र्याचा आवाज येतो तिथे कप, जिथे बद्द आवाज येतो तिथे नाही.

ढकलण्याचं तंत्र बसायलाच दोन रविवार गेले. इंजिन चालू ठेवलं तर त्याची थरथर थेट पाइपमध्ये उतरते, म्हणून ढकलायचंच. पहिल्या धक्क्याने पाइप हलतो, तो शांत होईपर्यंत थांबायचं आणि मगच फोनवरून शटर दाबायचं. पंधरा-वीस मीटरच्या एका ढकलीत चार-पाच चांगले फोटो निघतात. कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन बंद ठेवा, नाहीतर तो नसलेला हादरा भरून काढायला जातो. आणि ढकलणाऱ्यांचे पाय! कॅमेरा पुढे आणि खाली असल्याने गाडीच्या पोटाखालून मागचे सहाच्या सहा पाय फोटोत येत होते. आता सगळे कॅमेऱ्यापासून लांबच्या मागच्या कोपऱ्याला राहतात, चाकाच्या आडोशाने.

नव्या गाडीवर करणार असाल तर चावी ऑन ठेवूनच ढकला, नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं. इंजिन बंद असताना स्टिअरिंग जड होतं, आणि एक-दोनदा दाबल्यावर ब्रेकही दगडासारखा कडक लागतो. सीटवर जाणता माणूस हवा, हात हँडब्रेकवर.

कालची सेटिंग्ज: आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 100, लेन्सचं छिद्र एफ 11, शटर एक सेकंद. सूर्योदयाच्या आधी एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच) लागलाच नाही. ऊन आल्यावर सहा स्टॉपचा लावला, म्हणजे प्रकाश चौसष्ट पट कमी, पण तोवर पाइपची सावली बॉनेटवर पडू लागली होती. ते फोटो ठेवले नाहीत. पोलरायझर (प्रतिबिंब कमी करणारा फिल्टर) फिरवून दरवाजावरचं आकाशाचं प्रतिबिंब कमी केलं, पुढच्या काचेवरचं थोडं राहू दिलं. ते पूर्ण काढलं तर काच नसल्यासारखी दिसते. चाकाचा परीघ खडूची खूण करून मोजला, 1.8 मीटरच्या आसपास भरला. एका सेकंदात 1.4 मीटर म्हणजे चाक पाऊण फेरा घेतं. हबकॅप छान गोल वाहते, तरी क्रोमची चमक शिल्लक राहते. अर्ध्या सेकंदाला ती अर्धवट फिरलेली, अडकल्यासारखी दिसत होती.

पाइप पुसायला काल रात्री चार तास लागले. रस्त्यावरचा भाग सोपा असतो, वाहिलेल्या पट्ट्यांच्या दिशेने क्लोन करत (शेजारचा तुकडा उचलून वर चिकटवत) गेलं की झालं. बॉनेटवरचा भाग असा निघत नाही. त्यासाठी पाइप काढल्यावर गाडी न हलवता, कॅमेरा ट्रायपॉडवर त्याच उंचीला आणि त्याच कोनात ठेवून एक स्वच्छ फोटो घेतला होता. त्यातला बॉनेट इथे आणून बसवला. पण तोवर वीस मिनिटं गेली होती, आकाश उजळलं होतं, आणि दोन्ही बॉनेटचा रंग जुळेना. पुढच्या वेळी हा स्वच्छ फोटो पाइप बसवायच्या आधी आणि काढल्यानंतर असा दोनदा घेणार. हेडलाइटच्या क्रोमच्या कड्यात पाइपची बारीक रेघ अजून आहे. ती आज रात्री काढतो.

पाचव्या रविवारी कॅमेरा मागच्या डाव्या कोपऱ्याला, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर. डिकीवर पुट्टी नाही, काल संध्याकाळी वाजवून पाहिली.