पांढरं रेशनकार्ड, अण्णांची अँजिओप्लास्टी आणि योजनेचा काऊंटर

२०२४ च्या दिवाळीनंतर आमच्या अण्णांची अँजिओप्लास्टी झाली, सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झाली, आणि आमचं रेशनकार्ड पांढरं आहे. हे मुद्दाम लिहायलोय कारण आमच्या बीड जिल्ह्यातल्या केज-धारूर भागात अजूनबी लोक म्हणतात पांढऱ्याला काही मिळत नसतंय, दवाखान्यातलेबी तेच सांगतात, मग माणूस सरळ बायकोचं सोनं घेऊन निघतो.

पांढरं कार्ड म्हणजे लै पैसेवाले असं काही नाही. अण्णा काही वर्षं सूतगिरणीत होते, तेव्हा उत्पन्न लाखाच्या वर लागलं म्हणून कार्ड पांढरं झालं, पुढं गिरणी बंद पडली पण कार्ड तेच राहिलं. आता कोरडवाहू जमीन, सोयाबीन अन् तूर, बस.

पहाटे छातीत दुखायलंय म्हणले, घामानं बनियन ओलं. १०८ ला फोन लावला, ती आली (हे पण सांगितलं पाहिजे, नावं ठेवायला आपण पटकन पुढं असतो). ग्रामीण रुग्णालयात ईसीजी काढला, डॉक्टर पोरगाच होता पण हुशार, म्हणला अटॅक आहे, गोळ्या दिल्यात, वेळ घालवू नका. पाहुण्यांनी फोनाफोनी करून लातूरचा एक खाजगी दवाखाना ठरवला. नाव लिहीत नाही, इलाज चांगला झाला तिथं, वैताग आला तो सगळा खाली काऊंटरवर.

आयसीयूत घेतलं, गाठ विरघळायचं इंजेक्शन दिलं, आणि मला खाली पाठवलं, पन्नास हजार डिपॉझिट भरा. मी विचारलं योजनेत होतंय का. पोरीनं मान वर न करता विचारलं, कार्ड कोणतं? पांढरं. मग नाही बसत. झालं, विषय संपला तिच्यासाठी. एकूण पावणेदोन-दोन लाख धरून चला म्हणली. सोयाबीनचा हमीभाव तेव्हा ४,८९२ रुपये क्विंटल आणि अडतीवर चार हजार सुद्धा रडत मिळायले होते, म्हणजे दोन लाख म्हणजे पन्नास क्विंटल, आमच्या रानात तेवढं दोन वर्षं मिळून पण निघत नाही. अडत्याकडून तीस हजार उचल घेऊन भरले.

गावातल्या आशा ताईला फोन केला, खरंतर मायची औषधं कुठं ठेवलीत ते बघा म्हणायला. ती ओरडलीच, "भाऊ पैसे कामून भरले? १ जुलैपासून सगळ्यालाच लागू झालंय, पिवळं केशरी पांढरं काही ऱ्हायलं नाही. दवाखान्यात योजनेचा माणूस असतोय, आरोग्यमित्र, त्याला गाठा, नाहीतर १५५३८८ ला फोन लावा." खरी गोष्ट होती. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत एकत्र करून कुटुंबाला वर्षाला पाच लाखाचं कवच, ते २०२४ च्या जुलैपासून सगळ्या कार्डांना. आणि त्याच्या आधी सुद्धा आपल्या मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांसकट चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्याला सातबारा दाखवून योजना मिळतच होती. म्हणजे ती काऊंटरवाली पोरगी जे बोलली ते आमच्यासारख्या शेतकऱ्याच्या बाबतीत बऱ्याच वर्षांपासून बरोबर नव्हतं.

हेल्पलाईनला फोन केला, त्यांनी सांगितलं इमर्जन्सी असेल तर कागदं नंतर, दवाखान्यानं फोनवर कळवून इलाज चालू करायचा असतो. हे मी काऊंटरवर बोललो तर सूरच बदलला, आरोग्यमित्र सकाळी येतील, भेटा म्हणले.

आरोग्यमित्राचं टेबल जिन्याच्या मागं, मेडिकलच्या बाजूला, बोर्ड आहे पण त्याच्यासमोर सलाईनच्या खोक्यांची थप्पी लावलेली. मुद्दाम का जागा नाही म्हणून, देव जाणे. तो पोरगा मात्र कामाचा निघाला. आता खरी गंमत, रेशनकार्डावर नाव ज्ञानोबा आणि आधारवर ज्ञानेश्वर. त्याला रोजची सवय असावी, म्हणला आधी आधारची केवायसी करू, नावाचं नंतर बघू. ओटीपी गेला बंद पडलेल्या सिमवर. अंगठा लावला तर मशीन घेईना. मग म्हणला चेहऱ्यावरून करू, आणि आम्ही दोघं आयसीयूत. अण्णांच्या तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क सिस्टरनं जरासा बाजूला केला, ह्यानं मोबाईल समोर धरला, अण्णा डोळे मिटा, उघडा, परत मिटा. अण्णांना वाटलं डोळे तपासायलेत, म्हणले मोतीबिंदूचं पण बघून घ्या की. तिथली सिस्टर पण हसली. हिरवी टिक आली. नावासाठी ग्रामसेवकाकडून दोन्ही नावाची व्यक्ती एकच असल्याचं पत्र, चुलत भावानं व्हॉट्सअपवर पाठवलं आणि मूळ प्रत एसटीच्या कंडक्टरकडं दिली.

मग ईसीजी, अँजिओग्राफीचे फोटो, बेडवरचा पेशंटचा फोटो सगळं अपलोड, प्री-ऑथ, म्हणजे इलाजाआधीची योजनेची मंजुरी, आली आणि स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवायची जाळी) बसला. जेवण, औषधं, बेड सगळं पॅकेजमध्ये, डिस्चार्जनंतरची दहा दिवसाची औषधं पण.

आमचे दाजी विम्याचं काम करतात, ते दवाखान्यात सुद्धा वाद घालत होते, सरकारनं ह्या भानगडीत पडूच नये, लोकांनी विमा घ्यावा, आता तर २२ सप्टेंबर २०२५ पासून हप्त्यावरचा जीएसटी पण गेलाय असं परवा परत ऐकवलं. बरं, पण अण्णांच्या वयाला हप्ता किती अन् आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षापर्यंत थांबायचं, तेवढं थांबायला अटॅकला कोण सांगणार? आणि सरकार मधी पडलं की किंमत खाली येते हे स्टेंटमध्येच दिसतंय. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधवाल्या स्टेंटची किंमत २९,६०० वर बांधून दिली, पुढं कमी-जास्त होत गेली तो भाग वेगळा. तरी मला दोन लाख सांगितले होते, मग उरलेले कशाचे, हे दाजीनं पण सांगितलं नाही.

दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांचं पण ऐकून घेतलं. ते म्हणले पॅकेजचा रेट कमी, आणि सरकारकडून पैसे उशिरा येतात, आम्ही स्टाफचे पगार कुठून करावं. हे खरं असू शकतं. पण मग भांडण सरकारशी करा ना, आरोग्यमित्राच्या बोर्डासमोर खोकी कामून लावता?

मला जे खुपतंय ते वेगळंच. अण्णांचा बीपी किती वर्षं वाढलेला होता कोणालाच माहीत नाही. ऑपरेशनला सरकार एवढा खर्च करायला तयार आहे, अन् गावच्या उपकेंद्रात बीपीची गोळी महिनोन्‌महिने नसते. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यात केसपेपरसकट सगळं मोफत केलं, लै चांगलं केलं, पण मोफत गोळी कपाटात नसली की चिठ्ठी बाहेरच्या मेडिकलचीच मिळते. अण्णांच्या रक्त पातळ करायच्या अन् कोलेस्टेरॉलच्या गोळ्या आता जनऔषधीतून आणतो, तिथं निम्म्यापेक्षा कमीत पडतात, तिथं पण कधीकधी एखादी नसते.

डिपॉझिटचं राहिलं सांगायचं. योजनेच्या पेशंटकडून पैसे घेता येत नाहीत, म्हणून पावती जोडून तक्रार केली, आरोग्यमित्रानंच अर्ज कसा लिहायचा ते सांगितलं. बरेच फोन केल्यावर तीस हजार खात्यावर परत आले. रात्री बाहेरच्या लॅबला रोख दिलेले साडेचार हजार गेले ते गेले, त्याची पावती दिलीच नव्हती त्यांनी. कुणाला असंच अडवलं तर पैसे भरायच्या आधी १५५३८८ लावा, आणि भरावेच लागले तर शिक्क्याची पावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.