तोंड आलं की मलम टिकत का नाही

'तोंड आलं' असं आपण बऱ्याच गोष्टींना म्हणतो. नेहमीचा अल्सर ओठ-गालांच्या आतल्या बाजूला किंवा जिभेखाली येतो: गोल, मध्ये पिवळट, भोवती लाल कडं, बहुधा 10 मिलिमीटरपेक्षा लहान. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. ओठाच्या बाहेरच्या कडेला पाणी भरलेल्या पुटकुळ्यांचा घोस आला असेल तर तो बहुधा हर्पिस, म्हणजे विषाणूचा संसर्ग. तो मात्र पसरतो आणि त्यावर पुढे सांगितलेलं स्टेरॉइडचं मलम लावायचं नसतं.

मधला पिवळट थर पू नव्हे, ती जखमेवरची साय. खरवडू नका. साधा अल्सर 7 ते 14 दिवसांत आपला आपण भरतो. औषधाचा मुख्य उपयोग तोवर दुखणं कमी करण्याचा.

डॉक्टर बऱ्याचदा 0.1 टक्के ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचं तोंडात लावायचं मलम देतात आणि 'थुंकीबरोबर निघून गेलं' ही तक्रार ठरलेली. कारण ओल्या जागेवर ते चिकटत नाही. आधी खाणं, दात घासणं उरका. स्वच्छ गॉजने जागा टिपून कोरडी करा. अगदी थोडं मलम बोटावर घेऊन नुसतं टेकवा. चोळलंत की त्याचा रवाळ भुगा होतो. नंतर अर्धा तास खाऊ-पिऊ नका. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे रात्री झोपताना मलम लावणं सर्वांत उपयोगी, ते चुकवू नका.

क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाची चूळ (0.2 टक्के, 10 मिली, मिनिटभर, दिवसातून दोनदा) टूथपेस्टनंतर लगेच भरली तर फुकट जाते, अर्ध्या तासाचं अंतर ठेवा. फार दिवस वापरली तर दातांवर तपकिरी डाग पडतात. ॲस्पिरिनची गोळी जखमेवर दाबून ठेवणं हा तर शुद्ध अविचार, तिथली कातडी भाजते.

पुन्हा पुन्हा होत असेल तर सोडियम लॉरिल सल्फेट (फेस आणणारा घटक) नसलेली टूथपेस्ट काही आठवडे वापरून बघा. दर वेळी तीच जागा? दाताची टोकदार कड किंवा कवळी तपासून घ्या. बी-कॉम्प्लेक्स अंदाजाने गिळत बसण्यापेक्षा रक्तातलं हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-12 आणि फोलेट (हेही एक बी जीवनसत्त्व) मोजलेलं बरं. निकोरँडिल (हृदयविकारावरचं), मेथोट्रेक्सेट (संधिवातावरचं) या औषधांनीही अल्सर होतात. मात्र ती परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

तीन आठवडे उलटूनही न भरलेली जखम दाखवायलाच हवी. कडा कडक लागत असतील किंवा मानेत गाठ असेल तर तेवढंही थांबू नका. आणि जखम दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका, कर्करोगाची जखम सुरुवातीला बऱ्याचदा दुखतच नाही.