कोल्हापूरचे पत्ते नकाशावर आणताना : माझा अनुभव

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची घरी जाऊन सेवा करणाऱ्या एका संस्थेने त्यांची यादी माझ्याकडे दिली. पंचगंगा चढायला लागली की आधी कुणाच्या दारात पोचायचं, हे नकाशावर दिसलं पाहिजे, एवढीच त्यांची मागणी होती. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं, हे कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही. धडधाकट माणूस पाणी बघून बाहेर पडतो. ज्याला स्ट्रेचरवरून न्यायचंय, त्याच्यासाठी काही तास आधी हालचाल करावी लागते. यादीत काही हजार पत्ते होते आणि अक्षांश-रेखांश एकाचाही नव्हता. पत्त्यावरून ते काढायच्या कामाला जिओकोडिंग म्हणतात.

सगळ्यात आधी मी नावं, आजार आणि फोन नंबर वेगळ्या फाईलमध्ये काढून ठेवले. बाहेरच्या कुठल्याही सेवेकडे जाईल तो फक्त अनुक्रमांक आणि पत्ता. रुग्णांच्या यादीला हा नियम लावायलाच हवा, घाई कितीही असो.

मग साफसफाई. घर नंबर ५/१२ असेल तर एक्सेल त्याची ५ डिसेंबर ही तारीख करून टाकतं, म्हणून पत्त्याचे सगळे रकाने आधीच ‘टेक्स्ट’ करून घ्यायचे. त्याहून घातक गोष्ट वॉर्डाची. मराठीत लिहिलेले पत्ते रोमन लिपीत बदलणारा प्रोग्रॅम ‘ए’ला ‘A’ऐवजी ‘E’ लिहितो, आणि ते ‘ई’ वाचलं जातं. शिवाजी पेठेतला ए वॉर्ड झाला ई वॉर्ड, म्हणजे राजारामपुरी, शाहूपुरी, ताराबाई पार्काकडचा. पत्ता वाचायला अगदी बरोबर दिसतो आणि माणूस शहराच्या दुसऱ्या टोकाला जातो. ज्या पत्त्यात वॉर्ड आणि पेठ जुळत नव्हती, असा प्रत्येक पत्ता मी मूळ कागदाशी ताडून बघितला.

गूगलची जिओकोडिंग सेवा चांगली आहे, पण तिच्या अटींनुसार मिळालेले अक्षांश-रेखांश ३० दिवसांपलीकडे साठवता येत नाहीत. आम्हाला तर यादी वर्षानुवर्षं हवी. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून केलेला खुला नकाशा, आणि नॉमिनाटिम हा त्यावर पत्ते शोधणारा प्रोग्रॅम. त्याचा सार्वजनिक सर्व्हर सेकंदाला एकच पत्ता घ्या म्हणतो, आणि तो फुकट चालतो म्हणून त्याच्यावर हजारो पत्ते लादणं मला पटत नाही. म्हणून त्या नकाशाचा पश्चिम भारताचा डेटा उतरवून माझ्याच कॉम्प्युटरवर नॉमिनाटिम बसवलं. निकाल नकाशावर बघायला क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर.

पहिल्या फेरीत मंगळवार पेठेतली बरीच घरं पुण्यात निघाली. पेठांची नावं पुण्यात, साताऱ्यात, सोलापुरात तीच, त्यामुळे शोध कोल्हापूर परिसराच्या चौकटीतच बांधून घालावा लागतो. काही ठिपके नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात दिसले, तर समजायचं की कोल्हापूरचा अक्षांश १६.७ आणि रेखांश ७४.२ यांची अदलाबदल झालीय.

खरी अडचण पुढे आहे. यंत्राला घर सापडलं नाही, तरी ते गप्प बसत नाही, पेठेचा मध्य काढून देतं. ओळखायची युक्ती सोपी आहे. एकाच अक्षांश-रेखांशावर किती पत्ते बसलेत ते मोजायचं. वेगवेगळ्या गल्ल्यांतले ढीगभर पत्ते एकाच ठिपक्यावर असतील, तर ते एकाचंही घर नाही. पुराच्या कामाला असला ठिपका धोक्याचा. शुक्रवार पेठेचा नदीकडचा भाग पाण्यात असतो, तेव्हा वरचा भाग कोरडा असतो. म्हणून मी प्रत्येक पत्त्यापुढे खात्रीचा रकाना ठेवला: दार, गल्ली, पेठ, की नुसता पिनकोड. हा रकाना नसलेली जिओकोड केलेली यादी मी तरी कुणाला वापरायला देणार नाही.

‘पेठ’ शेरा मिळालेल्या पत्त्यांमध्ये उत्तर बहुतेक वेळा पत्त्यातच होतं, फक्त यंत्र ते टाकून देत होतं. फिरंगाई तालमीजवळ, मिरजकर तिकटीला, पापाच्या तिकटीमागं. तिकटी म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा. कोल्हापूरचा माणूस पत्ता सांगतो तो तालमीवरून आणि तिकटीवरून. आमच्या ओळखीचे एक निवृत्त पोस्टमन काका यादी बघून म्हणाले, “पाटाकडील तालमीच्या मागं म्हटलासा की झालं की, नंबर कशाला पायजे?” त्यांच्याबरोबर बसून तालमी, तिकट्या, चौक, देवळं, दवाखाने यांचा तक्ता केला. प्रत्येकाची लिहायची चार-पाच रूपं आणि तिथं उभं राहून घेतलेले अक्षांश-रेखांश. पत्त्यात यातलं नाव सापडलं की ठिपका पेठेच्या मध्यातून उचलून तालमीपाशी आणायचा. या एका तक्त्यानं जेवढं काम झालं, तेवढं कुठल्याच सॉफ्टवेअरनं केलं नाही.

तरीही उरलेले पत्ते नदीपासूनच्या अंतराप्रमाणे लावले आणि दुधाळी, सुतारवाडा, कुंभार गल्ली, रमणमळा इथून सुरुवात केली. स्वयंसेवक दारात उभे राहून मोबाईलवर ठिपका घ्यायचे. दशांशानंतर पाच आकडे पुरतात, पाचवा आकडा साधारण मीटरभराचा असतो. गल्लीच्या तोंडाशी ॲम्ब्युलन्स वळते का, जिना किती अरुंद, हेही त्यांनी लिहून आणलं. ते कुठल्या नकाशात मिळणार?

नवीन रुग्णाच्या फॉर्ममध्ये आता डिजिपिनचा रकाना आहे. टपाल खात्यानं मे २०२५ मध्ये आणलेला हा अक्षरं आणि आकडे मिळून दहा चिन्हांचा कोड साधारण चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन दाखवतो आणि नोंद करणारी ताई तो दारातच काढून घेते. पावसाळ्याआधी यादी वॉर्डवार छापून प्रत्येक गटाकडे देतो, कारण पुरात वीज आणि रेंज दोन्ही जातात.