तुम्ही विचारलंत म्हणून: धंदा कायदेशीर करावा का?

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या वेश्यावस्तीत मी संध्याकाळी तिथल्या मुलांचा अभ्यास घेते. हे कळलं की पाहुणे, शेजारी, सगळे तेच विचारतात, "वेश्याव्यवसाय एकदाचा कायदेशीर का करून टाकत नाहीत?"

सज्ञान बाईने स्वतःच्या मर्जीने धंदा करणं हा आपल्याकडे मुळात गुन्हा नाही. १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, वस्तीत ज्याला सगळे 'पिटा' म्हणतात, तो भोवतालचं सगळं पकडतो. कुंटणखाना चालवणं गुन्हा, रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणं गुन्हा, देऊळ-शाळा-दवाखान्यापासून २०० मीटरच्या आत धंदा करणं गुन्हा. दगडूशेठ गणपतीचं देऊळ याच पेठेत आहे. मग बाईने बसायचं कुठे?

मला सगळ्यात जास्त टोचतं ते कलम ४. बाईच्या या कमाईवर जाणूनबुजून जगणाऱ्या १८ वर्षांवरच्या कुणालाही दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कलम दलालांसाठी आहे, मान्य. पण त्याच्या शब्दांत पोटचा मुलगा बसतो, म्हातारी आईही बसते. माझ्याकडे पहिलीपासून येणारा एक मुलगा गेल्या वर्षी बारावी झाला. कॉलेजचा फॉर्म भरायला बसलो, तेव्हा त्याच्या आईने रुमालाची गाठ सोडून फी पुढे ठेवली. पन्नासाच्या, शंभराच्या नोटा, घामाने ओलसर झालेल्या. मी त्याची जन्मतारीख लिहिली आणि हात थबकला. १८ पूर्ण होऊन त्याला आठच दिवस झाले होते.

मग सरकारने लायसन द्यावं का? मी बायकांनाच विचारलं. एकीने लगेच उलट विचारलं, "कार्डावर फोटो असणार ना? उद्या लेकीच्या सासरी कुणाच्या हाती लागलं तर?" तिची भीती खरी आहे. इंग्रजांनी १८६८ मध्ये सांसर्गिक रोगांचा कायदा आणून बायकांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी सुरू केली होती. तो कायदा १८८८ मध्ये रद्द झाला. शिवाय लायसन आलं, की ज्यांना ते मिळणार नाही त्या पुन्हा पोलिसांच्या तावडीत.

मला वाटतं, बाईच्या भोवतीचे हे गुन्हे तेवढे काढून टाकावेत. न्यूझीलंडने २००३ मध्ये तसं केलं. तिथे २०१४ मध्ये एका बाईने कुंटणखान्याच्या चालकाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली आणि लवादाने तिला २५ हजार डॉलर भरपाई दिली. आपल्याकडची बाई तक्रार घेऊन चौकीची पायरी चढेल? स्वीडनसारखं फक्त गिऱ्हाइकाला धरावं, असंही काही जण सुचवतात. मला ते पटत नाही. गिऱ्हाईक घाबरलं की ते अंधाराची जागा शोधतं आणि बाईला तिथे जावं लागतं.

अल्पवयीन मुलगी आणून बसवणारा किंवा बाईला विकणारा मात्र अजिबात सुटता कामा नये. त्याबाबतीत मी कसलीच सूट मागत नाही. पण सज्ञान बाईला 'सोडवून' सुधारगृहात कोंडणं हा न्याय नव्हे. २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशाच तिघींना मोकळं केलं होतं.

त्या फॉर्मवर शेवटी एक रकाना राहिला होता, पालकाचा व्यवसाय. मी तिच्याकडे पाहिलं. मुलगा खिडकीतून बाहेर बघत होता.

"धुणीभांडी लिहा, ताई," ती म्हणाली. मी तेच लिहिलं.